मागची बाजू

हर्णैच्या पुळणीवर गाडी समुद्राकडे जाते ती पाठमोरी.
दिवे दापोलीच्या चढाकडे,
आणि हौद होड्यांकडे, बर्फाकडे, ओरडणाऱ्या माणसांकडे.
म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो,
पुढचा बंपर कंपनीनं दिलाय, तो मिरवा.
लागणार आहे तो मागचा.

हरकूबाई चोगल्यांची पिकअप मंगळवारी आली,
टोचन लावून.
मागचं डावं चाक फुटलेलं.
स्टेपनी होती. नवीकोरी, हवा भरलेली,
पण पोटाखाली टांगलेली
आणि पोट वाळूत रुतलेलं.
भरती चढत होती, चार माणसं आडवी पडून
हातांनी वाळू उपसत होती
आणि वाळू परत येत होती.
अकरा टोपल्या सुरमई गेली.
बाईंनी हिशोब सांगितला नाही,
पदर खोचला आणि म्हणाल्या,
"सोलकर, ती भाकर पोटाखालनं काढ. वर टांग.
माना ती दिसली पायजे."

तर दिसेल अशी टांगायची.
दोन इंची चौकोनी पाइप, सहा एमेमची पट्टी,
चासीला भिडणारे दोन कान.
चासीलाच. पत्र्याला जोडलेला बंपर म्हणजे
सदऱ्याला शिवलेला हात,
पहिल्या धक्क्याला सदऱ्यासकट जातो.
डाव्या कोपऱ्यात खुंटा, खुंट्यावर फिरणारा दांडा,
दांड्याला ताटली, ताटलीला बोल्ट.
आधी दांडा उघडायचा, मग फाळका पाडायचा,
हा क्रम विसरणारा एकदाच विसरतो.
खुंट्यात बेअरिंग हवं. नुसत्या बिजागरीवर चाक टांगलं
तर चार महिन्यांत दांडा झुकतो
आणि बंद करायला दोन माणसं लागतात,
एक उचलणारा, एक शिव्या देणारा.

खाऱ्या वाऱ्यापुढं कुठलाच रंग टिकत नाही.
रेड ऑक्साइडचे दोन हात, वर काळा, तरी
गंज बाहेरून येतच नाही, पाइपच्या आत बसून असतो.
म्हणून मी खाली दोन भोकं ठेवतो, पाणी जायला.
लोक बोट घालून दाखवतात, "मिस्त्री, ही राहिली."
राहिली नाहीत. ठेवली.

माझा बाप क्लीनर होता.
गाडीच्या मागं उभा राहायचा, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला,
आणि तळहातानं पत्रा वाजवायचा.
एक थाप, येऊ दे. एक थाप, येऊ दे.
लागोपाठ दोन, थांब.
एका अमावास्येला, धक्क्याच्या भिंतीपाशी,
ड्रायव्हरनं त्या दोन ऐकल्या नाहीत.
की बापानं मारल्याच नाहीत.
यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.
पुढं तो पंधरा वर्षं जगला, खाटेवर,
आणि रस्त्यावरून गाडी मागं येताना ऐकली की
हात आपोआप खाटेच्या माच्यावर वाजायचा.

शुक्रवारी हरकूबाई आल्या. दांडा दोनदा उघडून पाहिला,
तिसऱ्यांदा करंगळीनं.
मग उजव्या कोपऱ्याशी थांबल्या.
"ह्या काय?"
पायरी.
"मी सांगितलेली?"
नाही.
"बिलात धरलीस?"
नाही.
क्लीनर पोरगा, रोहिदास, न विचारताच चढला.
जमिनीपासून हातभर वर, ड्रायव्हरच्या आरशात पुरा मावणारा.
वर धरायला कडी होती, ती त्यानं धरली
आणि दुसरा हात सवयीनं शेजारच्या टायरवर मारला.
टायर वाजला नाही.
रबर गिळतं आवाज, उशी गिळते तसा.

हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.
गाडी परत आत घेतली.
बाईंना चहा मागवला, रोहिदासला म्हटलं, हात दाखव.
पत्र्याचा एक तुकडा कापला,
कडा घासल्या, कडीखाली जोडला,
मधे थोडा सैल, वाजेल असा.
फार मोठा नाही.
त्याच्या हातापेक्षा बोटभर जास्त ठेवला,
पोरगा अजून वाढतोय.